गोल चक्राची कारणमीमांसा

ऑनलाइन प्रक्षेपणात चित्र सलग येत नाही, तुकड्यांनी येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याचे सर्व्हरवर काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, त्या तुकड्यांची एक यादी तयार होते आणि पाहणाऱ्याकडचा प्लेअर ती यादी वाचून एकेक तुकडा मागवत राहतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस या पद्धतीत तुकडा सुरुवातीला दहा सेकंदांचा असे. पुढे तो सहा सेकंदांचा करावा, अशी शिफारस झाली. पुढचे दोन-तीन तुकडे हाताशी ठेवून प्लेअर आत्ताचा तुकडा दाखवतो. हाताशी काही उरले नाही, की पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरू लागते. चक्राचा अर्थ एवढाच, की तुकडा आलेला नाही. का आला नाही, हे ते सांगत नाही. ते काम घरातल्या मंडळींवर पडते आणि मंडळी ते हौसेने करतात.

बेळगावच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गाला खेटून असलेल्या काकतीत या चक्राचे निदान ठरलेले आहे: “नेट गेलंय.” १८२४ मध्ये इंग्रजांना तोंड देणाऱ्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर, त्यामुळे फायबरवाल्याला फोन लावताना आवाज चढा असणे स्वाभाविक मानावे. फायबरवाला येतो, राउटरचे दिवे बघतो, आपल्या मोबाईलवर वेग मोजून आकडा दाखवतो आणि म्हणतो, “नेट बरोबर हाय की ओ मामा. तुमच्या कॉम्प्युटरातच काय तरी हाय.” मामांना हे पटत नाही. कॉम्प्युटर त्यांनी स्वतः विकत घेतलेला असतो, नेट मात्र दुसऱ्याचे असते. तेव्हा दोष कुठे असणार, हे उघड आहे. तरीही तांत्रिकदृष्ट्या फायबरवाल्याचे म्हणणे बऱ्याचदा खरे निघते. तुकडा घराच्या दारापर्यंत आलेला असतो. त्याला आत घ्यायला घरातलेच कोणीतरी तयार नसते.

हे ‘कोणीतरी’ दोन जातींचे असते. एक जाहिरात अडवणारे, दुसरे विषाणू अडवणारे.

जाहिरातीपासून सुरुवात करणे सोयीचे. वेबपानावरची पहिली नावाजलेली पट्टीवजा जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर झळकली, ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. त्यानंतर आठ वर्षांत लोक इतके कावले, की डेन्मार्कच्या हेन्रिक आस्टेड सोरेन्सन याने २००२ मध्ये जाहिराती दडवणारे ‘ॲडब्लॉक’ लिहिले. २००६ मध्ये व्लादिमिर पालांट याने ते नव्याने बांधून ‘ॲडब्लॉक प्लस’ केले आणि २०१४ मध्ये कॅनडातल्या रेमंड हिल याने ‘यूब्लॉक’ आणले. या साऱ्यांचा जीव एका यादीत आहे. ‘ईझीलिस्ट’ नावाची ती यादी रिक पेटनेल याने २००५ मध्ये सुरू केली आणि स्वयंसेवक ती आजही चालवतात. कोणत्या पत्त्यावरून आलेली वस्तू आत घ्यायची नाही, याचे हजारो नियम तिच्यात आहेत. म्हणजे अडवणारा जाहिरात पाहून अडवत नाही. तो नाव आणि पत्ता पाहून अडवतो. आतला माल काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

यातून पुढची गंमत होते. काही नियम एखाद्या ठरावीक पत्त्यापुरते असतात, काही सरसकट. ‘ए-डी-व्ही’ ही अक्षरे पत्त्यात अमुक जागी आली, की ती वस्तू जाहिरात समजावी, अशा धर्तीचे सरसकट नियम अडवणाऱ्यांच्या याद्यांत असतात. आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील लग्नाची पत्रिका डोळ्यांपुढे आणावी. तिच्यात निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली यांच्या गर्दीत एखादा वकील असतोच. २०२० च्या टाळेबंदीत पन्नास माणसांच्या लग्नांचे थेट प्रक्षेपण रूढ झाले आणि पुढे मर्यादा उठली तरी ते राहिले, कारण दुबईच्या काकांना न येण्याची सोय झाली होती. अशा प्रक्षेपणाच्या पानावर फोटोग्राफरने वकीलसाहेबांच्या छायाचित्राच्या फाइलला आदराने त्यांची ‘ए-डी-व्ही’ ही उपाधी जोडली, तर सगळा परिवार दिसतो आणि वकीलसाहेबांच्या जागी पांढरा चौकोन येतो. रुसव्याची जी कारणे लग्नात परंपरेने उपलब्ध आहेत, त्यांत ही भर.

व्हिडिओच्या बाबतीत प्रकरण याहून नाजूक आहे. प्लेअरची शिस्त अशी, की आधी जाहिरातीच्या सर्व्हरकडे जाहिरात मागायची, ती दाखवून झाली की मूळ चित्र. जाहिरात कोणती यावी, हे ठरवताना इतर गोष्टींबरोबर आयपी पत्त्यावरून गाव ताडले जाते. पण तो पत्ता पुष्कळदा सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य शहराचा निघतो. म्हणून काकतीत सोप्यावर बसलेल्या आज्जींना बंगळूरच्या व्हाइटफील्डमधला तीन बेडरूमचा फ्लॅट दाखवला जातो, तोही कन्नडमधून. आज्जींना कन्नड चांगले येते, फ्लॅट नको असतो. नातू पुण्याहून सुटीला आला, की त्याला हे बघवत नाही. तो जाहिरात अडवणारे बसवून देतो, “आता कायच येणार नाही बघ आज्जी,” असे सांगतो आणि परत जातो. सोमवारी संध्याकाळी त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरते. जाहिरात येत नाही, मालिकाही येत नाही.

होते ते असे. प्लेअरने जाहिरात मागितली, अडवणाऱ्याने मागणी दारातच मारली आणि प्लेअरच्या हाती काहीच आले नाही. चांगल्या प्लेअरमध्ये अशा वेळी थोडे थांबून पुढे जाण्याची सोय असते. आळशी प्लेअर मात्र न आलेल्या जाहिरातीची वाट पाहत काळ्या पडद्यावर चक्र फिरवत बसतो. काही पाने त्याहून चतुर असतात. ती मुद्दाम ‘जाहिरात’ असे नाव दिलेली रिकामी चौकट आमिष म्हणून ठेवतात आणि ती गायब झाली, की अडवणारा पकडला गेला असे समजून चित्र रोखतात. यूट्यूबने २०२३ मध्ये हीच भूमिका उघड घेतली: आधी काही प्रेक्षकांना अडवणारे चालू असल्यास तीनच व्हिडिओ पाहू देण्याचा प्रयोग केला आणि त्या वर्षअखेरीपर्यंत मोहीम जगभर नेली. आणखी एक प्रकार खास तापदायक आहे. पान उघडताच ‘कुकीजना संमती द्या’ अशी पाटी येते आणि संमती मिळेपर्यंत मागचे पान गोठवून ठेवते. अडवणारा पाटी तेवढी दडवतो, गोठवणे तसेच राहते. पडद्यावर सगळे स्वच्छ दिसते, माऊस हलतो आणि कशावरही क्लिक केले तरी काही होत नाही. असे पान पाहून माणसे माऊस बदलतात. काकतीहून बेळगावला जाऊन नवीन माऊस आणणे हा या दोषावरचा निरुपयोगी, पण सर्वांत जास्त केला जाणारा उपाय आहे.

आता दुसरी जात. संगणकाच्या विषाणूंशी मराठी माणसाचे नाते जुने आणि काहीसे अभिमानाचे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांना संगणकशास्त्र शिकवले आणि १९९० च्या दशकात दोघांनी ‘क्विक हील’ उभे केले; २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. त्या काळापासून कॉम्प्युटर घेताना अँटिव्हायरसची सीडी सोबत घेणे, हे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधण्याइतके सक्तीचे झाले. लिंबू-मिरचीच्या तुलनेत अँटिव्हायरसचा उपयोग निश्चितच जास्त आहे. मात्र लिंबू-मिरची चाकात अडकत नाही, हेही खरे.

पूर्वी अँटिव्हायरस डिस्कवरच्या फाइली तपासत असे. पुढे वेबवरची बहुतेक वाहतूक कुलूपबंद झाली. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसते ते हेच कुलूप. कुलपामुळे वाटेतल्या चोराला आतला माल दिसत नाही, आणि पहारेकऱ्यालाही दिसत नाही. यावर अनेक अँटिव्हायरसांनी काढलेला तोडगा धाडसी आहे. ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतात, सर्व्हरकडून आलेले कुलूप उघडतात, माल तपासतात, पुन्हा बांधतात आणि वर आपले स्वतःचे प्रमाणपत्र लावून ब्राउझरकडे सोडतात. महामार्गावर हत्तरगीच्या टोलनाक्याला प्रत्येक ट्रक थांबवून, सील तोडून, माल उतरवून, परत भरून नाक्याचे सील ठोकून पुढे सोडले, तर निपाणीपर्यंत जशी रांग लागेल, तशी रांग जुन्या कॉम्प्युटरवर प्रक्षेपणाच्या तुकड्यांची लागते. एका तासाच्या कार्यक्रमाचे सहा सेकंदांचे सहाशे तुकडे होतात. तपासणारा सहाशे वेळा तितक्याच प्रामाणिकपणे तपासतो. कंटाळा हा गुण त्याच्यात घातलेला नाही. त्यातून ब्राउझरला नव्या प्रमाणपत्राचा संशय आला, तर रांगही संपते आणि ट्रकही. उरते ती ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ ही पाटी.

हा उशीर सर्वांत जास्त कुठे बोचतो, ते पाहायचे तर कुस्तीचे मैदान घ्यावे. बेळगाव परिसरात आनंदवाडीच्या आखाड्यापासून गावोगावच्या जत्रांपर्यंत मैदाने भरतात आणि आता त्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होते. दिवस कलताना शेवटची मोठी जोड लागते. कुस्ती निकाली, म्हणजे पाठ लागल्याशिवाय सुटका नाही. पंधरा-वीस मिनिटे दोघे एकमेकांची मनगटे चाचपत गोल फिरतात. या सबंध काळात प्रक्षेपण सुरळीत चालते. मग एकजण पटात शिरतो, पाठीवर ताबा घेतो, घिस्सा बसवायला गुडघा रोवतो, आणि चक्र फिरू लागते. हा योगायोग नाही, यालाही कारण आहे. उभ्या पैलवानांच्या चित्रात बदल थोडा, म्हणून तुकडा हलका. झटापटीत माती उडते, माणसे उठतात, कॅमेरा हलतो. चित्राचा प्रत्येक कोपरा बदलतो आणि तुकडा जड होतो. जड तुकडा तपासायला वेळ जास्त. तेवढ्यात शेजारच्या घरात, जिथे नुसत्या मोबाईलवर आणि कोणत्याही पहाऱ्याशिवाय मैदान पाहिले जात असते, एकदम आरडाओरडा होतो. भिंतीतून निकाल कळतो. इकडे पडद्यावर वरचा पैलवान अजून गुडघा रोवूनच बसलेला असतो. “फिरायलंय की गोल गोल,” एवढेच घरातले तात्या म्हणतात. कोण फिरतंय, हे विचारण्याची कोणाची हिंमत होत नाही.

अँटिव्हायरसला अनेकदा न लागणारा बोल लावला जातो, हेही नोंदवले पाहिजे. प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते आणि ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये नाण्याएवढा एक सेल घड्याळ चालू ठेवतो. तो संपल्यावर वीज गेली रे गेली, की घड्याळ मागे पळते. क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या एखाद्या डेस्कटॉपवर मग २००९ सालची एक जानेवारी उजाडते. त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र भविष्यातले, म्हणून बनावट. पंढरपूरचे थेट दर्शन उघडायला गेलेल्या आज्जींना हे यंत्र लाल अक्षरांत बजावते, की या पानावर तुमची माहिती चोरली जाऊ शकते. विठ्ठलाबद्दल असे कोणी बोलल्याचे त्यांच्या ऐकिवात नसते. उपाय म्हणजे सेल बदलणे. ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याने काही साधत नाही.

अँटिव्हायरसच्या जोडीने प्रोग्रॅमांच्या ये-जा करण्यावर पहारा ठेवणाऱ्या फायरवॉलची कथा छोटी आहे. एखादा नवा प्लेअर किंवा इंटरनेट रेडिओचा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला, की फायरवॉल इंग्रजीतून विचारते: याला बाहेर जाऊ द्यायचे का? जाणत्या गृहस्थाचा बाणा असा, की कॉम्प्युटरने अवघड इंग्रजीत काही विचारले तर ‘नो’ म्हणावे. त्यात आपले काही जात नाही. उत्तर नोंदले जाते, कायमचे. पुढे आठ महिन्यांनी तो रेडिओ का वाजत नाही, याचा शोध घेताना त्या दुपारची आठवण कोणालाच नसते, फायरवॉलला असते.

व्हीपीएनचा मुद्दा सीमाभागात थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. आजकाल अनेक सुरक्षा-संचांबरोबर व्हीपीएन येते. ते चालू केले, की घरातली वाहतूक दूरच्या सर्व्हरवरून जाते आणि जगाला तुमचे घर तिथेच आहे असे वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यावरून उठलेल्या सीमावादासाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या उठाठेवीनंतरही सीमारेषा जिथल्या तिथे आहे. व्हीपीएनचे बटण मात्र काकतीतले घर तीन सेकंदांत नेदरलँड्समध्ये नेऊन ठेवते, आणि कुठेही आंदोलन होत नाही. अडचण इतकीच, की प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकलेले असतात. नेदरलँड्सच्या रहिवाशाला मराठी मालिका दाखवण्याची परवानगी त्या सेवेकडे असेलच असे नाही. ‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी सूचना झळकते. सीमाभागात ‘आपला प्रदेश’ या शब्दांवरून घरात जी चर्चा सुरू होते, ती मालिकेपेक्षा लांबते.

मोबाईलवर हेच काम गुपचूप होते. अँड्रॉइडच्या २०१८ मधील नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. तिच्यात जाहिराती गाळणाऱ्या सेवेचे नाव भरले, की जाहिरातींचे पत्ते फोनला सापडतच नाहीत. एकदा भरून ठेवलेली ही गोष्ट माणूस विसरतो. मग क्रिकेटचे ॲप उघडत नाही, म्हणून तो ॲपच दोनदा काढून टाकतो आणि शेवटी फोन जुना झाला, असा निष्कर्ष काढतो. या निष्कर्षाला घरातल्या तरुण मंडळींचा पाठिंबा लगेच मिळतो.

निदानाची रीत खरे तर सोपी आहे. आधी तोच कार्यक्रम त्याच वायफायवर दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावा. तिथे चालला, तर फायबरवाला निर्दोष. मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी. तिच्यात जोडलेले अडवणारे सहसा बंद असतात. तिथे चालले तर दोष अडवणाऱ्याचा, आणि त्या एका संकेतस्थळापुरती त्याला सूट देऊन प्रश्न मिटतो. तिथेही न चालल्यास तारीख पाहावी. तारीख बरोबर असेल, तर अँटिव्हायरसची फक्त वेब-तपासणी मिनिटभर बंद करून पाहावी; फरक पडला, तर तेवढे संकेतस्थळ अपवादाच्या यादीत घालावे आणि तपासणी परत चालू करावी. अख्खा अँटिव्हायरस काढून टाकण्याची गरज नसते, आणि एकाला दुसरा तपासेल या आशेने दोन बसवणे तर त्याहून वाईट. ते दोघे खरोखरच एकमेकांना तपासत बसतात. प्रत्यक्षात ही रीत कोणी पाळत नाही. राउटर बंद-चालू केला जातो, फायबरवाल्याला पुन्हा बोलावले जाते आणि शेवटी पुण्याच्या नातवाला फोन जातो. तो दुरून ताबा घेणारे ॲप टाकायला सांगतो; अँटिव्हायरस त्या ॲपला धोकादायक म्हणून अडवतो; तेवढ्यात मैदान संपते.

अपवाद कोणाला द्यायचा, यात मात्र थोडा विवेक हवा. क्रिकेटचा सामना फुकट दाखवतो म्हणणाऱ्या चोरट्या पानांवर चार-चार ‘प्ले’ची बटणे असतात आणि त्यांतले एकही खरे नसते. नेहमीच्या, प्रतिष्ठित पानांवरच्या जाहिरातींतूनही घातक माल आल्याची उदाहरणे आहेत. अशा ठिकाणी पहारेकरी अडून बसला, तर त्याचे ऐकावे. उलट, गावच्या मैदानाचे प्रक्षेपण करणारी पोरे दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि उसना जनरेटर घेऊन दिवसभर उन्हात उभी असतात. जाहिरात दिसली तरच त्यांच्या हाती काही पडते. त्यांना सूट देण्यात कंजुषी करू नये.

मोठ्या कंपन्यांनी या झगड्यातून वेगळी वाट काढली आहे. जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून न मागवता सर्व्हरवरच मूळ चित्राच्या तुकड्यांत शिवून टाकायची. तुकडे एकाच पत्त्यावरून आले, की नाव-पत्ता पाहून अडवणाऱ्याला कोणता खेळाचा आणि कोणता साबणाचा, हे ओळखता येत नाही. थेट क्रिकेटमध्ये षटक संपताच ज्या जाहिराती येतात, त्यांसाठी ही पद्धत वापरली जाते. कुस्तीच्या मैदानात तिची गरज कधी पडलीच नाही. तिथे निवेदक माईकवरून पैलवानाचे गाव, वस्तादांचे नाव आणि इनामाची रक्कम सांगता सांगता त्याच श्वासात इनाम देणाऱ्या सराफांचे दुकान, दुकानाचा पत्ता आणि पशुखाद्याच्या पोत्याचा भाव सांगून जातो. पट काढल्याची आरोळी आणि पेंडीचा भाव एकाच वाक्यात असतात. त्यांतले एक गाळून दुसरे ऐकवेल, असे सॉफ्टवेअर अजून कोणी लिहिलेले नाही.